मुरायला ठेवलेलं तेल

भगवान रोकडेने ती बरणी गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवली तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मैत्रेयी यायला चार तास होते. बरणीचा तो उन्हातला आठवा दिवस. तोंडाला धुतलेलं पांढरं फडकं, त्यावर दोऱ्याचे चार वेढे. आत ऑलिव्हचं तेल, ठेचलेला लसूण, धुतलेली बेसिलची पानं, ओरेगॅनो, मिरचीचे तुकडे आणि मीठ. गेले तीन दिवस तेलात बारीक बुडबुडे येत होते आणि प्रत्येक बुडबुड्यागणिक भगवानला बरं वाटत होतं. मुरतंय, असं तो स्वतःशी म्हणायचा.

आता हे तेल कुणी मुरवत नाही, ते कालवून लगेच खातात, हे त्याला सांगणार कोण? सांगणारी होती ती गेली. आणि जिने कृती सांगितली तिने नेमका तोच शब्द वापरला. मैत्रेयी, त्याची एकुलती एक मुलगी, इटलीत तूरिन शहरात नोकरीला होती. दर रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. आई होती तोवर मायलेकी तासभर बोलायच्या आणि भगवान मध्येच तोंड दाखवून जायचा. आई गेल्यावर तो कॉल त्याच्या वाट्याला आला आणि बापलेकीला बोलायचं काय ते सुचेना. मग गाडी जेवणावर यायची.

"काय खाल्लंस आज?"

"ब्रेड आणि तेल."

"नुसतं तेल?"

"नुसतं नाही हो पप्पा. ऑलिव्ह ऑइलमध्ये लसूण ठेचून घालायचा, बेसिल, ओरेगॅनो, चिली फ्लेक्स, मीठ. आच नाही, काही नाही. थोडं मुरू द्यायचं, मग चव उतरते. त्यात ब्रेड बुडवून खायचा."

"म्हणजे आपली तेल-चटणीच की," भगवान म्हणाला. "तुझी आजी, भागीरथी, घरात कालवण नसलं की भाकरीवर लसणाची चटणी घालायची आणि वर कच्चं तेल. ते खायला तू इटलीला गेलीस होय."

मैत्रेयी हसली. आई गेल्यापासून चौदा महिन्यांत ती त्याच्यासमोर पहिल्यांदा हसली. त्या हसण्यापायी ही बरणी कठड्यावर आली होती.

मुरू द्यायचं म्हणजे त्यांच्या घरात एकच अर्थ होता. कैरीचं लोणचं. त्याची बायको भावना दर मे महिन्यात लोणचं घालायची आणि बरणी आठ दिवस ह्याच कठड्यावर उन्हं खायची. भगवानचं काम कैऱ्या फोडून देण्यापुरतं. फोडी पुसून सावलीत सुकवायच्या, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, दर दिवशी फडकं सोडून वास घेऊन बघायचा, ही सगळी भावनाची कामं. त्यानं ती इतकी वर्षं डोळ्यांनी पाहिली, पण पाहिलं म्हणजे कळलं असं थोडंच असतं. पानं त्याने नळाखाली स्वच्छ धुतली आणि ओलीच तेलात घातली. स्वच्छतेला तो पक्का होता.

आणि वासाचं म्हणाल, तर भगवान रोकडेला वास येत नव्हता. पाच-सहा वर्षांपासून त्याचं नाक गेलं होतं. ही गोष्ट जगात फक्त त्याला ठाऊक होती.

एके काळी त्या नाकाचा अंबरनाथ एमआयडीसीत दबदबा होता. सॉल्व्हंट प्लँटमध्ये तो एकतीस वर्षं ऑपरेटर. कुठल्या पाइपच्या जोडाला गळती आहे, कुठली बॅच बिघडायला लागली आहे, हे मीटरच्या आधी त्याला कळायचं. पोरं त्याला 'नाकेसाहेब' म्हणायची. नवा इंजिनीअर आला की आधी त्याला भगवानच्या पुढे उभा करायचे आणि म्हणायचे, मीटर बिघडेल, हे नाक बिघडणार नाही. मग ते बिघडलं. हळूहळू, कुणाला पत्ता लागू न देता. आधी कोथिंबीर गेली, मग साबण, मग एके दिवशी उग्र टोल्युइनच्या ड्रमवर वाकून त्याला नुसती थंड हवा लागली. तेव्हा त्याने सांगायला हवं होतं. पण नाक गेलेला ऑपरेटर म्हणजे पॅकिंगमध्ये बसवलेला म्हातारा, आणि एकतीस वर्षं मिरवलेलं नाव एका दिवसात थट्टेवारी. त्याच्या जिवावर आलं. त्याने नुसता मीटरवर डोळा ठेवला आणि दर वेळी मीटर बघून मग लांब श्वास घेऊन सांगितलं, येतोय हां वास. निवृत्तीपर्यंत निभावून नेलं. निभावलं म्हणून त्याला स्वतःचं कौतुकही वाटलं.

घरी तरी सांगायचं. पण घरी भावना आमटीला फोडणी दिली की विचारायची, कसा वास सुटलाय? आणि तो म्हणायचा, एकदम मस्त. तिचा चेहरा फुलायचा. रोज फुलणारा चेहरा एकदा पाडायचा आणि वर इतक्या दिवसांचं खोटं कबूल करायचं, हे आज नको, उद्या बघू, असं करत राहिलं.

चौदा महिन्यांपूर्वी, एका सोमवारी सकाळी, सिलिंडर बदलला. नरेंद्र नावाच्या पोरगेल्या डिलिव्हरीवाल्याने तो बसवून दिला आणि निघून गेला. भावनाला दोन दिवस सर्दी होती. तासाभराने ती चहा ठेवायला आत गेली, लायटर हातात घेतला आणि थांबली. नवा सिलिंडर असला की ती नेहमी थांबायची.

"अहो, बघा बरं जरा, गॅसचा वास येतोय का. माझं नाक चोंदलंय."

भगवान पेपर घेऊन दारापर्यंत आला. प्लँटमध्ये घ्यायचा तसा लांब श्वास घेतला. आणि म्हणाला, "नाही. लाव."

दोन शब्द. त्याने गोधडी टाकून तिला विझवलं तेव्हा त्याचे दोन्ही हात भाजले, पण हात पुढे बरे झाले. भावना तीन दिवस हॉस्पिटलात होती. मैत्रेयी चौथ्या दिवशी पोचली.

तेव्हापासून भगवानच्या घरात ज्योत पेटलेली नव्हती. विजेच्या शेगडीवर तो भात आणि वरण करून घ्यायचा. स्वयंपाकघराला नवा रंग दिला होता, तरी तो दारातून आत जाताना श्वास रोखून धरायचा. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. म्हणून मैत्रेयीच्या कृतीतला 'आच नाही' हा भाग त्याला लागलीच आवडला होता.

मैत्रेयी मात्र ह्या घरात त्यानंतर एक घास जेवली नव्हती. आईचं कार्य उरकेपर्यंत ती बदलापूरला प्राचीकडे, तिच्या मैत्रिणीकडे राहिली. पप्पा, रागावू नका, माझ्याच्याने त्या घरात पाणीसुद्धा पिववत नाही, असं तिने स्वच्छ सांगितलं. आताही ती प्राचीकडेच उतरली होती. आज यायची ती कामासाठी. काम असं होतं की तिने गॅस एजन्सीवर ग्राहक मंचात तक्रार केली होती. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात, हे तिने शोधून काढलं होतं. आईने विचारलं, पप्पांनी वास घेतला, आणि वास आला नाही. म्हणजे त्या गॅसमध्ये वास मिसळलेलाच नव्हता. वर्षभर ती परदेशातून कागद धाडत होती, वकिलांशी भांडत होती. आज दुपारी एक वाजता उल्हासनगरला नोटरीकडे भगवानने प्रतिज्ञापत्रावर सही करायची होती.

भगवानने मनाशी ठरवलं होतं ते असं. आधी तिने एक घास खायचा. मग तिला खरं सांगायचं. घास खाल्लेली पोर अगदीच तोडून जाणार नाही, असा त्याचा हिशेब. भित्र्या माणसाची वेळापत्रकं अशीच असतात, आधी काहीतरी गोड आणि खरं नेहमी नंतर.

तेल आणायला तो मागच्या आठवड्यात उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेला होता. तिथल्या एका सिंधी दुकानदाराकडे परदेशी माल मिळतो, असं शेजारच्या बनूबाईंनी सांगितलं होतं.

"साईं, ऑलिव्ह ऑइल है?"

"मालिशवाला कि खानेवाला?"

"खाने का."

"तो ठीक. सब लोग मालिशवाला ले जाते हैं. बच्चा हुआ होगा समझा मैं."

"बेटी आ रही है. इटली से."

दुकानदाराला एवढं पुरे झालं. त्याने हिरवी बाटली काढली, ओरेगॅनोची डबी काढली आणि फ्रिजमधून बेसिलची जुडी काढून भगवानच्या नाकाशी धरली. "सूंघो. एकदम ताजा."

भगवानने डोळे मिटून श्वास घेतला. "वा," तो म्हणाला. "क्या बात है."

इतकं सहज. त्याला त्यात काही वाटेनासं झालं होतं, हीच तर गोम होती.

येताना अंबरनाथ स्टेशनबाहेर एमआयडीसीच्या शेअर रिक्षात बसला आणि आरशात त्याला चालकाचे डोळे दिसले. नरेंद्र. तक्रार झाली त्या महिन्यात एजन्सीने त्याला काढून टाकलं होतं. आता तो कारखान्यांच्या शिफ्टची माणसं ने-आण करायचा. बाकीची माणसं त्याने आधी उतरू दिली.

"काका," मग तो म्हणाला, "मी वॉशर बघितला होता. आईशप्पथ. आपल्याला तरी वास नव्हता आला तेव्हा."

"तू गेल्यावर सुटला असेल," भगवान म्हणाला.

"मग तुम्हाला तरी यायला पाहिजे होता ना. तुमची तर कंपनीत फेमस नाक होती, सगळे बोलतात."

भगवान उतरला. बाटली छातीशी धरून तो जिना चढला आणि घरात येऊन बराच वेळ खुर्चीवर बसून राहिला. तेव्हाच्या तेव्हा त्या पोराच्या मागे धावत जायला हवं होतं. तो उठला आणि लसूण सोलायला बसला.

मैत्रेयी अकराला आली. ती वाळली होती. आईच्या फोटोपुढे हात जोडून ती उभी राहिली. फोटो बुद्धमूर्तीच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली होता, नवीन चौकटीत. मग तिने वळून बापाला मिठी मारली. भगवानला वाटलं होतं ती लांबच राहील. ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून थोडी रडली आणि त्याचे भाजलेले हात आपल्या हातात घेऊन बघितले. ह्या हातांनी आईला विझवलं, एवढंच तिला दिसत होतं. भगवानला आपले हात काढून घ्यावेसे वाटले.

बाहेरच्या खोलीतच ती बसली. पिशवीतून कागद काढले.

"वकील म्हणतात सगळं तुमच्यावर आहे, पप्पा. आईचं नाक बंद होतं, ते डॉक्टरांच्या कागदात आलंय. राहिलात तुम्ही. एकतीस वर्षं सॉल्व्हंटमध्ये काढलेला माणूस. तुमच्या नाकाला जो वास आला नाही तो नव्हताच, असं कुणीही मान्य करेल. वाचून घ्या एकदा."

भगवानने चष्मा लावला. कागदावर लिहिलं होतं, 'मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. पत्नीने विचारल्यावर मी वास घेतला. मला कोणताही वास आला नाही.' त्याने ते दोनदा वाचलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सही करायला कसलीच हरकत नव्हती, आणि हे लक्षात आल्यावर त्याने कागद टीपॉयवर पालथा ठेवला.

"वाचलं," तो म्हणाला. "आधी दोन घास खा. तुझ्यासाठी केलंय."

"मला नाही जाणार इथं. माहितेय ना तुम्हाला."

"शिजवलेलं नाही गं. आच लावलेलीच नाही. तू सांगितलं होतंस ते केलंय. तेल."

मैत्रेयीने त्याच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा सैलावला. "ऑलिव्ह ऑइल? तुम्ही?"

"कॅम्प दोनला जाऊन आणलं. कडक पावही आणलेत."

मग ती म्हणाली, "बरं. एक घास खाते."

भगवान ताडकन उठला. साठीचा माणूस, पण पोरासारखा गॅलरीत गेला. बरणी उन्हाने तापली होती. पावाचे काप केलेली ताटली आणि बरणी त्याने टीपॉयवर तिच्यापुढे आणून ठेवली. गेल्या चौदा महिन्यांत त्याला इतकं सुख कधी झालं नव्हतं, आणि ते सुख जेमतेम मिनिटभराचं होतं.

"एवढं? आणि हे फडकं कशाला?" मैत्रेयी हसू दाबत म्हणाली. "कधी केलंत?"

"आज आठवा दिवस. तूच म्हणालीस ना, मुरू द्यायचं. रोज उन्हात ठेवलं."

"अहो पप्पा, मुरू द्यायचं म्हणजे अर्धा तास. लोणचं आहे का ते?"

तोवर त्याने दोरा सोडून फडकं काढलं होतं. मैत्रेयीचं हसू तिथंच थांबलं. तिने हात तोंडावर दाबला आणि खुर्ची मागे सरकवली. भगवान बरणीवर वाकला होता, त्याला ते दिसलं नाही. त्याने लांब श्वास घेतला, सवयीप्रमाणे, आणि मान डोलावली.

"बघ," तो म्हणाला, "काय घमघमाट सुटलाय."

मग त्याने वर पाहिलं. मैत्रेयी उठून खिडकीशी गेली होती.

"पप्पा, सडलंय ते. उंदीर मेल्यासारखा वास येतोय."

"हां," भगवान घाईने म्हणाला. "जरासा आंबूस येतोय खरा. उन्हामुळे असेल. वरचं काढून टाकतो, खालचं चांगलं असेल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. ती तसं बघत असताना भगवानने बरणीवर फडकं टाकलं, दोरा गुंडाळला, सुटला, पुन्हा गुंडाळला. गप्प राहायचं सोडून तो बोलत सुटला, दुकानदाराबद्दल, पानांबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल.

"डोळे मिटा," ती म्हणाली.

"कशाला?"

"मिटा ना."

त्याने मिटले. तिची पावलं जवळ आली. नाकासमोर काहीतरी धरलंय हे त्याला उबेने कळलं. घर त्याला पाठ होतं. खिडकीपासून इथवर येताना हाताला लागेल असं काय होतं, तेवढं त्याने भराभर आठवलं. फोटोपाशी अगरबत्तीचा पुडा होता. त्याने श्वास घेतला.

"अगरबत्ती," तो म्हणाला. "मोगऱ्याची."

मग त्याने डोळे उघडले. तिचा हात त्याच्या नाकापुढे होता आणि हात रिकामा होता. ह्या वेळी 'नाही' म्हटलं असतं तर ते खरं ठरलं असतं.

मैत्रेयी खुर्चीवर बसली. तिचा आवाज अगदी खाली आला होता. "कधीपासून?"

"पाच वर्षं. सहा असतील."

"आईला ठाऊक होतं?"

"नाही."

"तिने विचारलं तेव्हा?"

चौदा महिने त्याने हे वाक्य मनात घोळवलं होतं, कधी आधी हे सांगू, कधी आधी ते, आणि आता ते नुसतं विचारल्याबरोबर बाहेर पडलं. "मी नाही म्हणालो. मला काही येत नव्हतं. मी म्हणालो, लाव."

बाहेर खाली कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. मैत्रेयीने टीपॉयवरचा कागद उचलला आणि ती तीन वाक्यं पुन्हा वाचली. भगवानला दिसत होतं ती कुठल्या शब्दावर आहे.

"तुम्ही सही करणार होतात," ती म्हणाली.

"नाही. तू खाल्ल्यावर सांगणार होतो."

हे त्याचं त्यालाही पटलं नाही. ते खरं होतं, पण तोंडातून बाहेर पडताच खोटं वाटलं, आणि आपल्या तोंडातलं खरंही आता असंच वाटणार हे त्याला कळलं.

"मग आत्ता करतो सही," तो म्हणाला. का म्हणाला कुणास ठाऊक. तिचं वर्षभराचं काम वाया जाऊ नये म्हणून, ती जाऊ नये म्हणून. "त्यात खोटं काही लिहिलेलं नाही, मैत्रेयी. तूच बघ."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि त्याला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

"आई तीन दिवस बोलत होती," ती म्हणाली. "डोळे उघडत नव्हते तिचे. नर्स फोन कानाशी धरायची. शेवटी काय म्हणाली ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, तुम्ही रडाल म्हणून. म्हणाली, पप्पांना काही बोलायचं नाही. त्यांनी माझ्यासाठी वास घेऊन बघितला होता."

भगवान खाली बसला. खुर्ची मागे होती की नाही हे न बघता बसला, आणि जमिनीवर आला.

मैत्रेयीने त्याला उठवायला हात पुढे केला नाही. चपला घालून ती दारात थांबली. "केस मी मागे घेते. वकिलांना मी सांगेन. त्या नरेंद्रला तुम्ही सांगा. तेवढं तरी स्वतःच्या तोंडाने सांगा." दाराची कडी काढून ती पुन्हा वळली. "मला आत्ता काय वाटतंय ठाऊक आहे, पप्पा? आईला कळायच्या आत ती गेली ते बरं झालं, असं वाटतंय. स्वतःच्या आईबद्दल असं वाटायची पाळी तुम्ही माझ्यावर आणलीत."

तिची पावलं जिन्यात उतरत गेली. पहिला मजला, मग तळमजला, मग रिक्षाचा आवाज. तूरिनला परतायचा दिवस परवाचा होता. ती परवापर्यंत थांबणार नाही, आणि रविवारी दुपारी आता कॉल येणार नाही. त्याबद्दल भगवानच्या मनात शंका नव्हती. तो हुंदके देऊन रडला. भावना गेली तेव्हा तो असा रडला नव्हता. तेव्हा लोक होते आणि लोकांपुढे रडताना काय काय लपवायचं आहे, त्यावर लक्ष ठेवावं लागत होतं.

बराच वेळ गेल्यावर कडी वाजली. तो उठला, तोंड पुसलं, दार उघडलं. आपला वेडेपणा कळत असूनही त्याला वाटलं की ती परत आली. दारात पदर नाकाशी धरून बनूबाई उभ्या होत्या.

"रोकडेभाऊ, काय मेलंबिलं आहे का तुमच्यात? सगळा जिना वासाने भरलाय. उभं राहवत नाही."

भगवानने मागे वळून बरणीकडे पाहिलं. फडकं सुटून टीपॉयवर पडलं होतं आणि तेलावर पानांचा काळा थर आला होता.

"मला वास येत नाही, बाई," तो म्हणाला.

"येत नाही कसा? अहो एवढा भपकारा—"

"येतच नाही. मला कसलाच वास येत नाही."

एका श्वासात बोलून झालं. जीभ अडखळली नाही, छत कोसळलं नाही, बनूबाईंनी त्याला हसूनही दाखवलं नाही. इतकंच म्हणायचं होतं त्या सोमवारी, पेपर हातात घेऊन, दारात उभं राहून. भावना म्हणाली असती, बरं, मग खिडकी उघडा.

बनूबाईंनी त्याचे लाल झालेले डोळे आणि ओलं नाक पाहिलं आणि त्यांचा राग उतरला.

"सर्दी झाली असेल," त्या म्हणाल्या. "ओवा टाकून वाफ घ्या दोन दिवस. नाक मोकळं होईल."